अप्पा वकिलांची काळजी

अप्पा वकील कोर्टात उभे राहिले की पक्षकार सोडून बाकी सगळ्यांना त्यांची काळजी वाटायची. काळ्या कोटाचं एक बटण चुकीच्या काजात, कपाळावरचे भस्माचे पट्टे घामानं भुवयांत उतरलेले आणि डावा हात शर्टाच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगावर. "साहेब, माझं म्हणणं असं हाय," इतकं बोलून ते जे थांबायचे, ते शेवटी न्यायाधीशच म्हणायचे, "पाणी घ्या, अप्पा." पक्षकार मात्र मागच्या बाकावर निवांत असायचा. त्याच्या वाटची काळजी अप्पांनी आधीच स्वतःकडं घेतलेली असायची.

त्यांचं नाव विश्वनाथ. वडिलांचं पाटोद्याला किराणा दुकान होतं, म्हणून तिकडची माणसं त्यांना दुकानदाराचा विश्वनाथ म्हणायची. बीडच्या कोर्टात ते सगळ्यांचे अप्पा. मी लिंबागणेशची. सनद मिळाल्यावर त्यांच्या हाताखाली काही वर्षं काम केलं. माझा स्वभाव घाईचा. समोरच्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. अप्पांना घाई नव्हती, धास्ती होती. दहाच्या गाडीला ते आठलाच स्टँडवर जाऊन बसत आणि गाडी लागली की "हीच ना?" असं कंडक्टरला, ड्रायव्हरला आणि शेजारच्या म्हातारीलाही विचारत. भर चैत्रात छत्री. चहा बशीत ओतायचे, तेवढ्यात काहीतरी आठवायचं, बशी तशीच राहायची आणि वर साय धरली की "थंड कावून दिला?" म्हणून माझ्यावरच करवादायचे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "ह्यांना काळजी नसली की ह्यांना काळजी लागती."

ही धास्ती आली कुठून, याबद्दल बाररूममध्ये मतभेद होते. कुणी म्हणे, लहानपणी ते जत्रेत हरवले होते. कुणी म्हणे, ते नव्हे, त्यांची धाकटी बहीण हरवली होती. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उलट मलाच विचारलं असतं, "तुझी बहीण आत्ता कुठं हाय?"

कारण तो त्यांचा पहिला प्रश्न होता. नवरा-बायकोचं भांडण घेऊन माणसं येत. कोण कुणाला काय बोललं, कुणी कुणाचं मंगळसूत्र ओढलं, हे सगळं रंगात येऊन सांगत असत. अप्पा मध्येच म्हणत, "ते ऱ्हाऊ द्या. लेकरू कुठं हाय?" बांधाच्या वादात, मारामारीच्या केसमध्ये, सगळीकडं तेच. एकदा फारकतीच्या दाव्यात समोरचा वकील जोरात बोलत होता आणि अप्पा दाराकडं बघत होते. न्यायाधीश वैतागले. "अप्पा, तुमचं लक्ष कुठंय? तुमचं म्हणणं काय?" अप्पा म्हणाले, "साहेब, ह्यांची पोरगी भाईर बाकावर एकटी बसलीय. आई हितं, बाप हितं. तिला आधी आत घेऊ द्या, मग काय म्हनायचं ते म्हनतो." न्यायाधीश चिडले, पण पोरीला आत बोलावलं. ती आत आली आणि भांडणाचा आवाज एकदम निम्म्यावर आला. त्या दिवशी काही मिटलं नाही. पण अप्पा तेवढ्यानंच खूश होऊन गरम चहा प्यायले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दिवाळी झाली की आमचा अर्धा जिल्हा ऊसतोडीला निघतो. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. त्या दिवसांत अप्पांचा जीव टांगणीला लागे. ते बसस्थानकावर जाऊन टोळ्यांमधल्या लेकरांना गाठत आणि विचारत, "आईचं नाव काय तुझ्या?" लेकरू म्हणे, "माय." "मायचं नाव काय?" "मायच." मग अप्पा मायकडं वळून तिला झापत, की लेकराला स्वतःचं नाव शिकव, गाव शिकव, तालुका शिकव. असंच एकदा एका पोराशी वाकून बोलत असताना मागून कुणीतरी त्यांची गचांडी धरली. "कोन हायस बे तू? पोरं पळवतोस?" बघता बघता गर्दी जमली. मी धावत गेले, तेव्हा अप्पांची छत्री मोडलेली, भस्म पुसलेलं आणि चेहऱ्यावर समाधान. मला म्हणाले, "बघ, लोक राखन करत्यात. चांगलं हाय." मी लोकांशी तावातावानं भांडत होते आणि हे त्यांचे आभार मानत होते. असल्या माणसाचं काय करावं?

कायद्याची पुस्तकं ते पोथीसारखी वाचत. देशोदेशींच्या निर्वासितांसाठी जगानं काय करार केले आहेत, ते त्यांनी कुठून कुठून मिळवून वाचलं होतं. मला म्हणायचे, "लढाईतनं पळालेल्या मानसाचं घर मोडू नका, मायलेकरं तोडू नका, असं जगानं ठरवलंय. आपल्या देशानं त्या करारावर सही केली न्हाई, ती गोष्ट येगळी. पन आमची मानसं दरसाल घर सोडत्यात, त्याला लढाई म्हनत न्हाईत म्हनून कुनी इचारत न्हाई." मी म्हणायचे, अप्पा, ते निर्वासित, हे मजूर. ते म्हणायचे, "लेकराला इचार. त्याला काय फरक कळतो?"

हे सगळं मला जरा अतीच वाटायचं. कांताबाई आली, आणि अप्पांच्या काळजीला पहिल्यांदा तिच्या मापाचं काम मिळालं.

कांताबाई पाटोद्याच्या बाजूची. नवरा काविळीनं गेलेला. राणी नावाची सहा-सात वर्षांची एकुलती पोरगी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम उभा करत नाही. कांताबाईची जाऊ शोभा तेव्हा ओली बाळंतीण होती, तिला उसाच्या फडात जाता येत नव्हतं. म्हणजे घरात एक बाई नवऱ्यावाचून आणि एक बाप्या बायकोवाचून. मग घरात बसून ठरलं, की कांताबाईनं आणि तिच्या दिरानं, भीमानं, मिळून एक कोयता करायचा. असं आमच्याकडं होतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फक्त मुकादमानं बजावलं, "कारखान्यावर कुनी इचारलं तर नवरा-बायकू म्हनायचं. दीर-भावजय म्हनला तर माघारी धाडतील." ती दोघं तसं म्हणत राहिली. विचारील त्याला, विचारील तेव्हा.

फड कर्नाटकात होता. एका दुपारी राणी सावलीला म्हणून ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत पाचटावर झोपली. ट्रॉली दुसऱ्या फडाकडं निघून गेली. ड्रायव्हरला पोरगी दिसली तेव्हा मध्ये बरीच गावं पडली होती. त्या भल्या माणसानं तिला पोलिसांकडं दिलं, पोलिसांनी बालगृहात. दुसऱ्या दिवशी कांताबाई आणि भीमा शोधत शोधत तिथं पोचले. बालगृहाच्या साहेबानं विचारलं, "तुम्ही कोण एकमेकांचे?" दोघं एका आवाजात म्हणाली, "नवरा-बायकू." साहेबानं राणीला विचारलं, "हे तुझे वडील का?" राणी म्हणाली, "न्हाई. ह्यो काका हाय. माझा बाप मेला."

झालं. आईच्या आधारकार्डावर मेलेल्या नवऱ्याचं नाव, तोंडात जित्या दिराचं, आणि पोरगी म्हणते हा बाप नाही. पोरी पळवणारी जोडी असावी, असा साहेबाला संशय आला, आणि खरं सांगायचं तर मलाही आला असता. तिथल्या बालकल्याण समितीनं सांगितलं, खात्री पटेपर्यंत मूल मिळणार नाही. मुकादम पाठीशी उभा राहिला नाही. भीमा घाबरून फडावर परतला आणि कांताबाई मिळेल त्या गाडीनं बीडला आली.

अप्पांनी ऐकलं आणि त्यांचा हात लिंगावर गेला तो तिथंच राहिला. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, कायदा आपल्या बाजूचा हाय. लेकराचा पैला हक्क सोताच्या घरावर. बालगृह सगळ्यात शेवटी. पन त्याच कायद्यात मुदत बी हाय. पालक सापडले न्हाईत, खात्री पटली न्हाई, तर तिला दत्तक द्यायला मोकळी करतील. पेपरात फोटू येईल. एकदा कुनाच्या घरात गेली की मग ती सापडायची न्हाई." बोलताना त्यांचा आवाज कापत होता, आणि पहिल्यांदाच मला त्या आवाजाचा राग आला नाही.

मी म्हटलं, सोपं आहे. कांताबाईनं खरं सांगायचं, की हा दीर आहे. पण कांताबाई ऐकेना. "एकदा नवरा म्हनले. आता दीर म्हनले तर सरकारात मी खोटी पडन. मला आत टाकतील. मग पोरीला कोन हाय?" तिचं काही चुकत नव्हतं. आयुष्यभर तिला साहेबांपुढं एकच गोष्ट शिकवली गेली होती, की बोललेलं फिरवायचं नाही. अप्पांनी तिला परोपरीनं समजावलं. ती पदर तोंडात धरून नुसती मान हलवायची.

"जावेला भेटावं लागंल," अप्पा शेवटी म्हणाले, आणि त्यांना नवीनच काळजी लागली. कारखान्यापुरतं नवरा-बायको म्हणायचं, हे शोभाला ठाऊक होतं. बालगृहाच्या साहेबापुढंही तसंच सांगितलंय, ते कागदावर चढलंय, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. कांताबाईला घेऊन वस्तीवर जाताना अप्पा वाटभर पुटपुटत होते, "एक घर जोडाया चाललोय, दुसरं मोडलं तर? शिवा शिवा. आपन न सांगितलेलंच बरं का?" मी म्हटलं, अप्पा, गाडीतून उतरा आधी.

शोभा दारात बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. अप्पांनी चाचरत चाचरत सगळं सांगितलं. ती बाळाच्या अंगावर पाणी घालत राहिली, तांब्या रिकामा झाला तरी हात तसाच चालला होता. कांताबाई ओसरीच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून बसलेली. शेवटी शोभा म्हणाली, "म्हंजी माझ्या नवऱ्याला तिचा नवरा लिवलंय? सरकारात?"

"हां बाई," अप्पा म्हणाले. "आन ते खोडायचं तर तुमालाच बोलावं लागंल. न्हाई बोललात तर मी काय बी म्हननार न्हाई."

शोभानं बाळाला फडक्यात गुंडाळलं. मग कांताबाईकडं न बघताच म्हणाली, "घरचं मला आदी सांगायचं व्हतं, अक्का." कांताबाई हुंदका देऊन रडायला लागली. शोभा उठून आत गेली आणि मला वाटलं, संपलं सगळं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बाळाची दुपटी होती. "कवा जायचं?" तिनं विचारलं.

आम्ही कर्नाटकात गेलो. भीमा फडातून परस्पर आला. अप्पा प्रत्येक थांब्याला सगळ्यांना मोजत होते, तान्ह्या बाळासकट. लिंगायत म्हणजे कानडी येणारच, अशी मी आशा धरून होते, पण अप्पांना कानडीतलं एकच वाक्य येत होतं, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. तेच त्यांनी समितीच्या अध्यक्षबाईंना भर सुनावणीत विचारलं. बाई हसल्या, आणि पुढं सगळं दुभाष्यामार्फत झालं.

अप्पा बोलायला उभे राहिले. कोर्टातल्यासारखेच अडखळले, पाणी प्यायले. शेवटी सगळे मुद्दे बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, मी वकील हाय, पन ही बाई माझ्यापरीस चांगलं सांगल." आणि खाली बसले.

शोभा बाळाला खांद्यावर घेऊन उभी राहिली. तिला ना कायदा माहीत होता, ना भीती दिसत होती. म्हणाली, "ह्यो माझा नवरा हाय. ही माझी जाऊ. घरात खायाला तोंडं लई आन कोयत्याला जोडी लागती. मी बाळंतीन व्हते, म्हनून मीच ह्येला कोयत्यापुरता दिलता. कोयत्यापुरताच. जसा दिला तसा माघारी आला. त्यात हिचं काय पाप न्हाई. त्यांनी खोटं सांगितलं, कारन खरं सांगितलं की काम मिळत न्हाई. आता हिची पोरगी द्या." मग कांताबाई उठली आणि भिंतीला धरून म्हणाली, "दीर हाय माझा. धाकटा दीर." भीमा मान खाली घालून उभा होता. दुभाषा सांगत राहिला आणि अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं.

राणीला आत आणलं. केस बारीक कापलेले, अंगात स्वच्छ फ्रॉक. मला वाटलं, आता धावत सुटेल. ती धावली नाही. दाराशी बालगृहाच्या बाईंचा हात धरून उभी राहिली आणि कांताबाईकडं बघत तिनं विचारलं, "म्या खरं बोलले म्हनून ठिवलंस का हितं मला?"

दुभाष्यानं त्याचं कानडी केलं नाही. कांताबाईचे हात तसेच पुढं राहिले. अप्पा खुर्चीवरून उठले, गुडघे धरून खाली बसले, पोरीच्या उंचीचे झाले. म्हणाले, "न्हाई गं बाय. तू खरं बोललीस तेच बराबर व्हतं. खोटं आमी बोललो, मोठी मानसं. आता समद्यांनी खरं सांगितलंय, म्हनून तू घरी चाललीस." राणीनं त्यांच्याकडं बघितलं, मग काकीकडं, मग आईकडं. मग बालगृहाच्या बाईंचा हात सोडला. कांताबाईनं तिला असं काही छातीशी धरलं, की पोरगी गुदमरून ओरडली.

आमच्या बीडच्या समितीमार्फत घरचौकशी झाली, हुकूम झाला, राणी कायद्यानं आईची झाली. मी पेढे आणले. अप्पांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाले, "दिवाळीला काय करतील?"

मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, एक दिवस तरी सुखानं जगू द्या. पण दिवाळी आली. कांताबाई त्यांच्याकडं आली. यंदा शोभाचं बाळ जरा मोठं होतं, त्यामुळं शोभा आणि भीमा जोडीनं जाणार होते, आणि कांताबाईला दुसऱ्या टोळीत एका विधवा बाईबरोबर, दोन अर्धे मिळून, एक कोयता मिळाला होता. वसतिगृहाचं नाव काढलं की राणी किंचाळायची. घरी ठेवायला कुणी नव्हतं. "कायदा म्हनतो, पोरीला तुज्याजवळ ठिव," कांताबाई म्हणाली. "मी न्हाई कुठं म्हनते? पन माझी जागा फडात हाय, अप्पा."

अप्पा उन्हातान्हात कचेऱ्या फिरले, कारखान्यावर शाळा आहे का, पाळणाघर आहे का, विचारत राहिले. सगळीकडं होईल, बघू, कळवू. आल्यावर बूट न काढता खाटेवर बसून राहायचे. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांचं खानं तुटलंय." मलाही तेव्हा भीती वाटायला लागली होती, पण ती मी कुणाला बोलून दाखवली नाही.

अप्पा त्याच थंडीत गेले, पौषात. मी तेव्हा औरंगाबादला एका कामात अडकले होते, अंत्यदर्शन मिळालं नाही. त्याचं मला वाईट वाटतं. पण एका परीनं बरंच झालं, कारण माझ्या डोळ्यांपुढं जे शेवटचे अप्पा आहेत, ते चालते-बोलते आहेत.

त्या दिवाळीनंतर गेवराईच्या रस्त्याला एका पेट्रोल पंपाजवळ टोळ्यांचे ट्रॅक्टर थांबले होते. अप्पांच्या हट्टामुळं आम्ही दोघं सकाळी सकाळी तिथं गेलो. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या, माणसं एकावर एक. कांताबाई मागच्या बाजूला फळीला टेकून बसली होती आणि राणी तिच्या मांडीवर. जवळ गेल्यावर दिसलं, की कांताबाईनं पदराचं टोक राणीच्या मनगटाला बांधलं होतं. साधी गाठ नव्हे; बैलाच्या दाव्याला मारतात तशी, ओढली की आवळणारी.

अप्पा ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन वर चढले. मी "अप्पा, पडाल," म्हणून ओरडले. त्यांनी राणीचा हात हातात घेतला, गाठीखाली बोट घालून पाहिलं, बोट गेलं नाही.

"लई आवळलीय, कांताबाई," ते म्हणाले. "वळ उठंल पोरीच्या हाताला. जरा ढिली करा."

कांताबाईनं गाठीवर आपला हात ठेवला.

"उठू द्या, अप्पा," ती म्हणाली. "वळ जातोय."

ट्रॅक्टर सुरू झाला. अप्पा खाली उतरले, पण त्यांचा हात राणीच्या हातावर तसाच होता, आणि ट्रॉली हलल्यावरही हात न सोडता ते तिच्याबरोबर चालत राहिले.